साहेबांच्या बंगल्यावरचे अनारसे

माझी नोकरी सांगायला सोपी होती. साहेबांच्या केबिनबाहेर एक लाकडी स्टूल होतं. त्यावर बसायचं, आत बेल वाजली की उठायचं, पाणी, चहा, फाईल, जे सांगतील ते करायचं आणि परत येऊन स्टुलावर बसायचं. माझे मिस्टर याच ऑफिसात शिपाई होते. ते अटॅकने गेले आणि अनुकंपा म्हणून त्यांच्या जागी मला घेतलं. मुलगी तेव्हा लहान होती. भिंगारला दोन खोल्यांचं भाड्याचं घर, सासू-सासरे आधीच गेलेले, माहेर लांब काष्टीला. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी रडलेही आणि जीव भांड्यातही पडला.

ऑफिस नगरमध्ये. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्या बदलल्या, आमचे शिक्के बदलले, पण शेअर रिक्षावाले अजून 'नगर, नगर' असंच ओरडतात आणि मीही तसंच म्हणते. खातं कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर त्या खात्यातली माणसं म्हणतील, आमच्याकडे असलं काही चालत नाही, आणि बाकीच्या सगळ्या खात्यांतली म्हणतील, हे तर आमचंच ऑफिस.

आमचे हेडक्लार्क माझ्या मिस्टरांच्या वेळचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि ते मला वहिनी म्हणत. रुजू झाल्यावर त्यांनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. "वहिनी, तुम्ही दहावी पास आहात. टायपिंगची परीक्षा द्या, कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट काढा. शिपायाचा क्लार्क होता येतं, नियमात आहे. साहेबांनी प्रस्ताव वर पाठवला की झालं."

मी ते मनावर घेतलं. भिंगारच्या टायपिंग क्लासला संध्याकाळी जायला लागले. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं, त्यांच्यात मी साडी खोचून टकटक करत बसायची. मला क्लार्क व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर पगारापेक्षा मला खुर्ची हवी होती. स्टुलाला पाठ नसते. दिवसभर त्यावर बसलं की संध्याकाळी कंबर बोलायला लागते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस स्टुलावरच्या बाईकडे बघून एकच प्रश्न विचारतो, 'साहेब आहेत का?' आपण आहोत की नाही याच्याशी कुणाला काही देणं-घेणं नसतं.

मुलगी शाळेत सांगायची, माझी आई ऑफिसात असते. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. ऑफिसातच तर होते.

आता मुख्य गोष्ट. अण्णांनी मला अजून एक सल्ला दिला होता, तो मात्र मी ऐकला नाही. ते म्हणाले होते, "वहिनी, सरकारी ऑफिसात आपल्याला काय काय येतं ते कधी दाखवायचं नसतं." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण त्यांच्याजवळ उदाहरणं होती. एका शिपायाने पूर्वी कुणाजवळ तरी सहज सांगितलं की मला गुलाबाचं कलम करता येतं. त्या दिवसापासून तो बंगल्याच्या बागेत गेला तो रिटायर होईपर्यंत बागेतच राहिला. आमच्या जीपच्या ड्रायव्हरने एकदा बंगल्यावरचा पंखा दुरुस्त करून दिला, तर बंगल्यातली वायरिंग, पाण्याची मोटर, गिझर सगळं त्याच्या गळ्यात पडलं. ड्रायव्हर भिंगारचाच, आमच्या गल्लीच्या मागे राहणारा. मी त्याला भाई म्हणायची, तो मला भाभी. तो म्हणायचा, "भाभी, माझं लायसन गाडीचं आहे आणि आयुष्य चाललंय पान्यात."

तर नवे साहेब बदलून आले त्या पहिल्या दिवाळीला मी घरून अनारसे करून ऑफिसात नेले. चहाबरोबर सगळ्यांना एकेक. माझ्या आईची पद्धत. तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुती कापडावर पसरायचे, अंगात ओल असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळे करून डब्यात ठेवून द्यायचे आणि विसरून जायचं. आई म्हणायची, "हात लावू नगंस त्याला, त्याचं त्याला पिकू दे." मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पीठ सैल झालं किंवा घाई केली की अनारसा तुपात पसरून विरतो. बायका त्याला अनारसा हसला म्हणतात. माझे कधी हसले नाहीत.

साहेबांनी एक खाल्ला. दुसरा मागितला. तिसरा रुमालात गुंडाळून घरी नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाई जीप घेऊन ऑफिसच्या पायऱ्यांशी उभा. "भाभी, चला. मॅडमनी बोलावलंय."

मॅडम म्हणजे साहेबांच्या मिसेस. बंगला ऑफिसच्या मागच्या बाजूलाच, पाच मिनिटं चालायला लागत नाहीत, पण बाहेरच्या माणसाला शिपाईण मागच्या फाटकातून जाताना दिसू नये म्हणून जीप. त्या वर्षी फक्त घरच्या उरलेल्या पिठाचे अनारसे तळून दिले. मॅडमनी तोंडभर कौतुक केलं. मला बरंही वाटलं, उगाच खोटं का बोलू. नवरा गेल्यापासून कुणी माझ्या हाताला चव आहे असं म्हटलं नव्हतं.

पुढच्या वर्षीपासून मात्र दसरा झाला की माझं स्टूल रिकामं पडायला लागलं. आधी भाजणी, मग तांदूळ भिजवणं, मग चिवड्याचे पोहे उन्हात, मग शेव, चकल्या, करंज्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि शेवटी अनारसे. बंगल्याच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि खाली जमिनीवर एक मोठी. सामान त्यांचं होतं, ते मी मान्य करते. फुकट होते ते फक्त माझे हात, आणि त्यांचेही पैसे खरं तर सरकार भरत होतं. एवढा फराळ एका घरात कोण खाणार? घरात माणसं तीनच. पण त्याचे डबे व्हायचे. मोठे डबे पुण्याला साहेबांच्या साहेबांकडे, मधले इथल्या इतर साहेबांकडे. भाई ते पोचवायला जायचा, सरकारी जीप, सरकारी डिझेल.

मी कुठे आहे असं कुणी विचारलं तर ऑफिसात ठरलेलं उत्तर होतं, त्या दौऱ्यावर आहेत. शिपाई कुठल्या दौऱ्यावर जाते असं कुणी विचारायचं नाही. एकदा काष्टीहून माझे चुलत मामा काहीतरी कामासाठी नगरला आले, म्हटलं पोरीला भेटून जावं. त्यांना हेच उत्तर मिळालं. ते गावी गेले आणि आठवडे बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले. आईचा फोन आला. "मामा म्हनत हुता, तू दौऱ्यावर गेल्तीस. गाडी दिली का गं तुला सरकारनं?" मी म्हटलं, "व्हय, जीप हाय." आई म्हणाली, "लई चांगलं झालं बाई. पर उन्हाची फिरू नगंस." मी फोन ठेवला आणि सोऱ्यात पीठ भरलं. तेलाच्या धुराने डोळे चुरचुरत होते, म्हणून तेव्हा डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला काही कळलं नसतं.

याच दिवसांत टायपिंगची परीक्षा आली. बोटांच्या टोकांना चकलीच्या तेलाचे चटके बसलेले. कळ दाबली की बोट हुळहुळायचं. तरी पास झाले. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेटही आलं. अण्णांनी स्वतः माझा प्रस्ताव तयार केला, कागद पिनला लावले आणि साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवले. म्हणाले, "वहिनी, आता फक्त साहेबांची सही. मग वर जाईल, मग तुमची खुर्ची."

सही काही होईना. अण्णांनी एकदा आठवण करून दिली, दोनदा दिली. साहेब म्हणत, बघतो. बेल वाजली की मी आत जायची आणि पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता माझी फाईल कुठे आहे ते बघायची. ती टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात होती. वर दुसऱ्या फायली येत होत्या, सही होऊन जात होत्या, माझी तशीच. साहेबांचा माझ्यावर काही राग असेल असं वाटावं तर तसंही नाही. ते माझ्याशी नीट बोलत. 'मावशी' म्हणत, खरं तर माझ्यापेक्षा वयाने मोठेच.

कोडं सोडवलं मॅडमनी. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या, हे सांगायला हवं. मला वेळेवर चहा द्यायच्या. कप माझा वेगळा असायचा, दांडी तुटलेला, पण चहा तोच असायचा. त्या दिवशी मी करंज्या कातत होते, मॅडम ओट्याला टेकून मोबाईल बघत होत्या. बघता बघताच म्हणाल्या, "अगं, साहेब सांगत होते, तू क्लार्क होणार म्हणून."

मी हात थांबवला. "हो ना मॅडम, सहीला आहे."

"मीच म्हटलं त्यांना, एवढी दिवाळी जाऊ दे. क्लार्क झालीस की तुला इकडे बोलवता येतं का? ते बरं दिसत नाही." आणि मग हसून, अगदी मायेने, "आणि दुसरी कुणी मिळाली तरी तुझ्यासारखे अनारसे येतात का कुणाला?"

मला राग आला की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. करंज्या मात्र मी शेवटपर्यंत नीट कातल्या. एकही फुटली नाही. याचा राग मला नंतर खूप दिवस येत राहिला, की निदान एखादी तरी फोडायची होती.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात एक छोटा कार्यक्रम असायचा. सगळा स्टाफ मीटिंग हॉलमध्ये जमायचा आणि साहेब प्रत्येकाच्या हातात फराळाचा एकेक पुडा द्यायचे. त्या वर्षीही दिला. साहेब म्हणाले, "हे सगळं मॅडमनी स्वतः घरी केलंय. स्टाफ म्हणजे आपलं कुटुंब, असं त्यांचं म्हणणं असतं." टाळ्या वाजल्या. तिथे असा एकही माणूस नव्हता ज्याला ठाऊक नव्हतं. अण्णा छताकडे बघत होते, भाई बुटांकडे. माझी पाळी आली. साहेबांनी पुडा माझ्या हातात ठेवला, मी थँक्यू साहेब म्हटलं. आपणच केलेल्या चकल्या आपल्याला बक्षीस मिळतात तेव्हा चेहरा कसा ठेवायचा ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

त्या वर्षी माझ्या घरी फराळ नव्हता. महिनाभर दुसऱ्याच्या कढईपुढे उभं राहिल्यावर घरी आले की तेलाचा वाससुद्धा नको व्हायचा. दुकानातून पावशेर चिवडा आणला होता आणि शेजारणीने लाडू दिले होते. मुलीने पुडा उघडला. ती तेव्हा नववीत होती. अनारसा तोंडात घातला आणि डोळे मोठे केले.

"आई, साहेबांच्या मॅडमच्या हाताला काय चव आहे गं! तुला येतात का असे?"

मी देवापुढे वात करत होते. म्हटलं, "मला कुठे वेळ असतो."

"शिकून घे ना त्यांच्याकडून," ती म्हणाली आणि दुसरा उचलला.

मॅडमच्या स्वयंपाकघरात जे झालं नाही ते इथे झालं. मला इतका राग आला की वात हातात तुटली. तिच्यावर नाही, त्या लेकराचा काय दोष. माझी चव मॅडमच्या नावावर जमा झाली होती आणि ती जमा करणारी माझीच पोर होती. सांगून टाकावं असं ओठावर आलं. पण सांगायचं काय? की आई ऑफिसात असते असं तू शाळेत सांगतेस ती आई बंगल्यावर चकल्या पाडत असते? मी दुसरी वात वळायला घेतली. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही आणि सकाळ होईपर्यंत माझं ठरलं होतं.

वर्ष गेलं. फाईल टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातच होती. दसरा झाला. बंगल्यावरून निरोप यायला लागले तशी मी आधी भाजणी करून दिली आणि तांदूळही दळून, मळून, गोळे करून ठेवले. आपण खरंच नाही म्हणू असं तोपर्यंत माझं मलाच वाटत नव्हतं. मग वसुबारसेच्या दिवशी, तळणाचा दिवस, भाईने जीप पायऱ्यांशी लावली. मी त्याला म्हटलं, "भाई, तुम्ही जा. मी ड्युटीवर आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गाडी घेऊन गेला.

मी स्टूल फडक्याने पुसलं आणि त्यावर बसले. पदर नीट केला. थोड्या वेळाने साहेब आले. त्यांचं माझ्याकडे लक्षच गेलं नाही. स्टुलावरच्या बाईकडे कोण बघतं? आत गेले, बसले आणि बेल वाजवली. मी दार ढकलून आत गेले.

साहेबांनी मान वर केली आणि दचकलेच. "मावशी, तुम्ही इथे कशा?"

"बेल वाजवलीत ना साहेब."

"ते झालं, पण तुम्ही इथे काय करताय?"

"ड्युटी करतेय साहेब. पाणी आणू?"

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. मॅडमचा आवाज टेबलाच्या या बाजूपर्यंत ऐकू येत होता. तूप तापलंय, कुठे आहे ती. साहेब म्हणाले, ठेव, बघतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडे जा आधी."

मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या, जाते."

हे वाक्य मी वर्षभर पाठ केलं होतं. बाजाराच्या वाटेवर, भांडी घासताना, शेअर रिक्षात. प्रत्यक्ष म्हणताना एका दमात बाहेर आलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि अण्णांना आत बोलावलं. दार अर्धं उघडंच राहिलं होतं, मी बाहेर स्टुलावर, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"या बाईंना मेमो काढा."

"काढतो साहेब. कारण काय लिहू?"

"लिहा, वरिष्ठांच्या आदेशाचं पालन केलं नाही."

"कुठला आदेश साहेब? त्याचा जावक क्रमांक टाकावा लागतो."

मग साहेब म्हणाले, "जागेवर नव्हत्या असं लिहा."

अण्णा अगदी गरीब आवाजात म्हणाले, "जागेवर आहेत साहेब. दाराबाहेरच बसल्यात. बोलवू का?"

मेमो निघाला नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एकदाच अशी अडचणीची कर्मचारी झाले, आणि ती आपल्या जागेवर बसल्यामुळे. दुपारी भाई परत आला. माझ्या स्टुलाजवळून जाताना खाली वाकून बुटाची लेस बांधायचं नाटक करत म्हणाला, "भाभी, मॅडमनी स्वतः तळायला घेतले. सगळ्या कढईत पसरले. एक म्हणून उचलला नाही झाऱ्यावर." मला हसू आलं आणि त्या पिठाचं वाईटही वाटलं. चांगलं पिकलेलं पीठ होतं.

त्या वर्षी हॉलमधल्या कार्यक्रमात स्टाफला सोनपापडीचे खोके मिळाले. 'मॅडमनी स्वतः' हे वाक्य साहेबांनी गाळलं.

दिवाळी झाली आणि माझी बदली पाथर्डीला झाली. कारण, प्रशासकीय. पाथर्डी म्हणजे आमच्याकडे शिक्षाच धरतात, कोरडा तालुका, घाट ओलांडून रोजचं जाणं-येणं, आणि माझी मुलगी दहावीला. बदलीपेक्षा मला भीती होती प्रस्तावाची. ऑफिस बदललं म्हणजे प्रस्ताव नव्याने करायचा, नव्या साहेबांची सही घ्यायची. अण्णांनी कागद काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, "वहिनी, मला रिटायरमेंटला थोडंच राहिलंय, नाहीतर मीही एवढं बोललो नसतो." मी त्यांच्या पाया पडले.

साहेबांच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. पाथर्डीची एसटी भिंगारवरूनच जाते. मी घराजवळ चढायची आणि खिडकीची जागा धरायची. घाट संपला की दोन्हीकडे ज्वारीची रानं, मधे नुसता माळ. मी रुजू झाले तेव्हा अर्धा तालुका ऊसतोडीला गेलेला होता. गावांतून कुलपं लागलेली घरं, पारावर म्हातारी माणसं. ऑफिसात गर्दी नसायची. कुणी आलंच तर एखादी म्हातारी यायची आणि स्टुलाशी थबकून म्हणायची, "बाई, सायेब हाय का?" मी म्हणायची, "यायचेत अजून." ते खरंच असायचं.

कारण पाथर्डीचे साहेब काही संत नव्हते. ते राहायला नगरला, रोज ये-जा करत. उशिरा यायचे, घाटात अंधार नको म्हणून लवकर निघायचे. दौऱ्यावर म्हणून जे दिवस दाखवायचे त्या दिवशी ते नगरला आपल्या प्लॉटवर बांधकाम बघत असायचे, हे पाथर्डीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्यांना तालुक्यात बंगला नव्हता, म्हणून बंगल्यावरचं काम नव्हतं. आणि निघायची घाई असल्यामुळे ते समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करत. मी तिथल्या क्लार्कबाईंना हाताशी धरून माझा प्रस्ताव नव्याने तयार करून घेतला आणि साहेब बॅग उचलायच्या बेतात असताना इतर कागदांबरोबर पुढे ठेवला. त्यांनी सही केली आणि घड्याळ बघितलं. जे काम एका साहेबांच्या जिभेने अडवून ठेवलं होतं ते दुसऱ्याच्या कामचुकारपणाने झालं. न्याय झाला असं मी कधी म्हणत नाही. माझं काम झालं, एवढंच म्हणते.

वरून मंजुरी यायला बराच काळ गेला. दरम्यान मुलगी दहावी झाली, पुढे बारावी झाली, नर्सिंगला लागली. मग एके दिवशी ऑर्डर आली. क्लार्क म्हणून मला नगरलाच, पण दुसऱ्या ऑफिसात घेतलं. टेबल खिडकीजवळ मिळालं. खुर्चीची एक कड उसवलेली होती आणि पाठीचा वेत तुटला होता. पहिल्या दिवशी मी तिच्यावर इतकी ताठ बसले की शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "मॅडम, टेका की." जुने साहेब तोपर्यंत वर बढतीवर गेले होते. भाईकडून कळलं की बंगल्यावर आता नवे आलेत आणि त्यांच्या मॅडमना फराळ बाहेरून विकत आणायची सवय आहे. तो आता फक्त गाडी चालवतो आणि त्याला करमत नाही.

क्लार्क झाल्यावरची पहिली दिवाळी. दसरा झाल्यावर मी घरच्या घरी तांदूळ भिजवले. बंगल्यावरच्या त्या वर्षांनंतर मी तुपाची कढई चढवलीच नव्हती. मुलगी हॉस्टेलवरून सुट्टीला आली होती, ओट्याशी उभी राहून मोबाईलवर कुणाशी तरी बोलत होती. मी पहिला अनारसा काढला, निथळला, तिच्या हातात दिला. तिने फुंकर घालून तुकडा मोडला, खाल्ला आणि फोनवरच्या मैत्रिणीला थांब म्हणाली.

"आई, अगदी साहेबांच्या मॅडमसारखे झालेत गं! आठवतात ते? शिकलीस वाटतं त्यांच्याकडून."

कढईत दुसरा होता. मी झाऱ्याने त्यावर तूप उडवत म्हटलं, "ते माझेच होते."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच करायचे. बंगल्यावर जाऊन. तू खाल्लेस ते पुड्यातलेही मीच तळले होते."

तिने फोन बंद केला. हातातला अनारसा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू शाळेत सांगायचीस ना, आई ऑफिसात असते म्हणून."

माझा आवाज साधाच होता, निदान मला तसा वाटला. तिने उरलेला तुकडा बशीत ठेवला, हात धुतले, बाहेरच्या खोलीतून खुर्ची आणली आणि ओट्याजवळ ठेवली. माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"बस," ती म्हणाली. "मी तळते."

मी बसले, चांगली टेकून. तिचे पहिले दोन तुपात विरले. तिसरा जमला, तो तिने आधी मला दिला.